सिबेलियसची सहावी

फिनलंडचा संगीतकार ज्याँ सिबेलियस याचं नाव निघालं की बहुतेकांना आधी ‘फिनलंडिया’ आठवतं. जरा अधिक ऐकणारे दुसऱ्या आणि पाचव्या सिंफनीबद्दल बोलतात. चौथीच्या काळोखावर जीव टाकणारेही पुष्कळ आहेत आणि सातवीचा उल्लेख तर नेहमी आदरानेच होतो. सहावीचं नाव मात्र क्वचित निघतं. मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकांतही ती फार कमी दिसते. माझ्या आयुष्यात मात्र त्याच्या सात सिंफनींपैकी तीच सर्वांत अधिक काळ मुक्कामाला राहिली.

ती आमच्या घरात आली तीही सातवीच्या सोबतीने. माझ्या मामांनी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मधून कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकची एलपी आणली होती. एका बाजूला सहावी, दुसऱ्या बाजूला सातवी. मामांना हवी होती सातवी. दादरच्या त्यांच्या घरी सुट्टीला गेलेली मी सहावीची बाजू लावून बसायची. तेव्हा मी गाणं शिकत होते आणि बाईंनी नुकताच काफी सुरू केला होता. सिंफनीच्या सुरुवातीला व्हायोलिनं वेगवेगळ्या गटांत विभागून अगदी हळुवार सुरू होतात. एक ओळ उतरत असते तोवर दुसरी तिच्यात येऊन मिसळते, पुढे ओबो आणि फ्लूट सामील होतात. मी ओळखीचे स्वर शोधत होते आणि ते एकेक करून सापडत गेले. कोमल गंधार, कोमल निषाद आणि धैवत मात्र शुद्ध.

“मामा, हा तर काफी!”

मामा म्हणाले, “स्वर काफीचे आहेत. पण त्यात राग शोधू नकोस, ते काय करतात ते ऐक.”

त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य पुढे वाचन वाढल्यावर उलगडलं. या सिंफनीला सगळे ‘डी मायनर’ म्हणतात, पण डी मायनरमध्ये धैवत कोमल हवा. सिबेलियसने इथे डोरियन ही जुनी स्वरपंक्ती धरली आहे. युरोपातल्या चर्चमधल्या गायनात ती अनेक शतकं नांदत होती आणि तिचे स्वर आपल्या काफी थाटाशी तंतोतंत जुळतात. सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिनाचं संगीत सिबेलियसला प्रिय होतं. अनेक ओळी स्वतंत्रपणे चालवून त्यातून एक वीण साधायची ती रीत त्याने सहावीच्या आरंभाला वापरली आहे. इथे वादी-संवादी नाहीत, पकड नाही, एकाच स्वरावर रेंगाळणं नाही. पण गंधार-निषादांच्या सावलीत तो शुद्ध धैवत उजेड सोडत राहतो. सबंध सिंफनीला उदास म्हणता येत नाही आणि आनंदीही म्हणवत नाही, याचं बरंचसं श्रेय मी त्या धैवताला देते.

नोकरी लागल्यावर मामांनी मला ही एलपी कॅसेटवर उतरवून दिली. रोजच्या लोकलच्या प्रवासात वॉकमनवर ती पुन्हा पुन्हा ऐकताना तिची अंगकाठी पाठ झाली. भाग चार, लांबी जेमतेम अर्धा तास. पहिला भाग ऐन वेगात असताना एकाएकी अंधारून येतं आणि मोजक्याच सुरांत तो संपतो. दुसरा टिंपनीच्या हलक्या आघातांनी सुरू होतो. त्यावर फ्लूट आणि बासून ही वाद्यं चाचपडत पुढे सरकतात आणि अखेरपर्यंत कुठे पोहोचायची घाई करत नाहीत. तिसरा भाग छोटा, दौडत जाणारा. चौथ्याच्या आरंभी वाद्यांचे दोन समूह एकमेकांना साद-प्रतिसाद देतात. मग वादळ उठतं, ओसरतं आणि तारवाद्यं एखाद्या प्रार्थनेच्या चालीने सावकाश बोलू लागतात. पाचवीच्या शेवटी सगळा वाद्यवृंद मिळून सहा प्रचंड आघात करतो. सहावी तसं काहीही न करता विरत जाते.

ती दुर्लक्षित राहिली याचं कारण मला इथेच दिसतं. बीथोवनच्या पाचवीने आणि नववीने श्रोत्यांना एक सवय लावली. अंधारातून झगडत निघायचं आणि शेवटी विजयाचा गजर करायचा. सिबेलियसची स्वतःची दुसरी आणि पाचवी त्या सवयीला पुरेपूर न्याय देतात. सहावीत झगडा आहे, पण विजयाचा दावा नाही. इतर संगीतकार रंगीबेरंगी कॉकटेलं पाजत असताना आपण शुद्ध थंड पाणी देतो, असं सिबेलियस एकदा म्हणाला होता. सहावीइतकं हे दुसऱ्या कशालाच लागू पडत नाही. पुढे म्हातारपणी ही सिंफनी आपल्याला नेहमी पहिल्या बर्फाच्या गंधाची आठवण करून देते, असंही तो म्हणाला.

एवढ्या निवळ संगीतामागचा काळ मात्र गढूळ होता. फिनलंड १९१७ च्या डिसेंबरात रशियापासून स्वतंत्र झाला आणि पुढच्याच महिन्यात तिथे यादवी पेटली. मे १९१८ पर्यंत चाललेल्या त्या यादवीत ३५ हजारांहून अधिक माणसं मेली. लाल सैनिकांनी सिबेलियसच्या घराची झडती घेतली. मग कुटुंबासह तो हेलसिंकीला गेला. त्याचा धाकटा भाऊ क्रिस्टियान तिथे मनोरुग्णालयात डॉक्टर होता, त्याच्याकडे त्यांनी आसरा घेतला. त्याच वर्षी एका पत्रात त्याने सहावीचा बेत लिहिला, तेव्हा त्याच्या मनात रानटी, आवेगी स्वभावाची सिंफनी होती. १९२२ च्या उन्हाळ्यात क्रिस्टियान गेला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सिबेलियसने हेलसिंकीत स्वतः ही सिंफनी सादर केली, तेव्हा त्या आवेगाचे काही झटके तेवढे तिच्यात उरले होते.

माझा भाऊ गेला त्या वर्षी हा तपशील मला ठाऊक नव्हता. घरात माणसांची ये-जा होती, सांत्वनाचे शब्द होते आणि त्यातला एकही मला पोचत नव्हता. रात्री मी सहावी लावायची. पाचवी त्या दिवसांत ऐकवली नसती, कारण तिचा शेवट माझ्याकडून काहीतरी मागतो. सहावी काही मागत नव्हती. दुःख झालं आहे एवढं ती मान्य करत होती आणि स्वर नीट, स्वच्छ लावत पुढे जात होती. क्रिस्टियानबद्दल मी पुढे कित्येक वर्षांनी वाचलं. भावाच्या मृत्यूवर ही सिंफनी लिहिली असा दावा मी करणार नाही, तिची जुळवाजुळव फार आधीपासून चालू होती. पण ती पूर्ण करणारा माणूस त्या दुःखातून जात होता हे कळल्यावर तिच्यातल्या संयमाची किंमत मला उमगली.

निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात मी आयनोला पाहिलं. हेलसिंकीच्या उत्तरेला यार्वेनपा इथलं हे लाकडी ओंडक्यांचं घर, पत्नी आयनोच्या नावाचं. १९०४ मध्ये सिबेलियस तिथे राहायला आला आणि २० सप्टेंबर १९५७ ला तिथेच वारला. आवाज नको म्हणून त्याने हयातीत घरात नळ घेऊ दिले नाहीत. बागेत एका सपाट, रुंद शिळेखाली तो आणि आयनो विसावले आहेत. त्या घरात हिंडताना मला त्याची शेवटची तीस वर्षं आठवत होती. सातवी १९२४ मध्ये आली, ‘टापिओला’ १९२६ मध्ये. त्यानंतर मोठं असं काहीच नाही. आठव्या सिंफनीची हस्तलिखितं तर त्याने जाळून टाकली. लोक या मौनाकडे कोडं म्हणून पाहतात. मला वाटतं, कमी बोलून पुरेसं सांगण्याची वाट त्याने सहावीतच धरली होती.

आपल्याकडच्या श्रोत्यांना ही सिंफनी परकी वाटायचं काही कारण नाही. विलंबित आलापीत दहा-पंधरा मिनिटं निवांत बसू शकणारा कान ज्याच्याकडे आहे, त्याला पुढे काय होणार याची घाई नसते आणि सहावीला नेमका असाच श्रोता हवा असतो. आज ती फोनवरही सहज मिळते. कारायानचं १९६७ चं ध्वनिमुद्रण घ्या, चारही भाग सलग ऐका, मध्ये थांबू नका. पहिल्या ऐकण्यात हाती फार लागणार नाही, तरी आठवड्याभराने पुन्हा लावा. शुद्ध धैवताकडे कान ठेवा आणि शेवटच्या स्वरानंतर लगेच दुसरं काही लावू नका. सिबेलियसची सर्वांत भव्य सिंफनी दुसरी असेल, सर्वांत धाडसी चौथी किंवा सातवी असेल. सर्वांत प्रामाणिक कोणती, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर सहावी हेच आहे.