शेऱ्याचा रकाना

एस. टी. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकात गाडी सुटायची वेळ असते, पोचायची नसते. प्रवाशाला त्याचं फारसं काही वाटत नाही. गाडी हलली की निम्मा प्रवास झाला, असं मानणारी आपली माणसं. पोचण्याची काळजी असते ती फलाटाच्या कोपऱ्यातल्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला.

माझे वडील त्या खिडकीमागे बसत. ते कराडला वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, घरी आम्ही अण्णा. त्यांच्यासमोर एक लांबरुंद नोंदवही असे. एका रकान्यात गाडीची ठरलेली वेळ, शेजारी प्रत्यक्ष वेळ आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, शेऱ्याचा. चिपळूणहून कोयनानगर-पाटणमार्गे येणारी गाडी पावसाळ्यात कधीही यायची. अण्णा शेरा लिहीत : ‘कुंभार्ली घाटात धुके’. कधी ‘पाटण येथे बाजार’, कधी ‘चाक पंक्चर’. शेऱ्यात ते माणसाचं नाव घालत नसत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “नाव लिहिलं की भांडण होतं. कारण लिहिलं की पुढच्या पावसाळ्याला वेळ बदलता येते.”

वेळेच्या नियोजनावर पुढे मी पुष्कळ वाचलं, कार्यशाळांना बसले, आता स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर त्यावर बोलतेही. पण या वाक्यापलीकडचं मला फारसं काही सापडलेलं नाही.

दहावीच्या वर्षी मीही सगळ्यांसारखं अभ्यासाचं वेळापत्रक केलं. पट्टीने रकाने आखले, विषयागणिक वेगळी शाई वापरली आणि कागद कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवला. पहाटे पाचला बीजगणित होतं. अण्णांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, “गाड्या छान लावल्यायस. वही कुठंय?” मग एका जुन्या वहीत त्यांनीच तीन रकाने आखून दिले. महिनाभरात माझ्या शेऱ्यांतून घरच गोळा झालं : पहाटे नळाला पाणी येतं ते भरायचं, संध्याकाळी लाईट जाते, रविवारी आत्या येते. पहाटे पाच ही बीजगणिताची वेळ नव्हतीच, ती पाण्याची वेळ होती. बीजगणित संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात हललं आणि तिथे ते होऊ लागलं. कपाटावरचा कागद मात्र दोनदा बदलावा लागला, त्यामुळे तो दिसायला काही सुंदर राहिला नाही.

माणूस आपल्या कामाचा अंदाज कसा बांधतो, यावर 1994 साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रबंधिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुम्हाला किती दिवस लागतील? उत्तरांची सरासरी सुमारे 34 दिवस आली. सगळं बिघडलं तर किती, असं विचारल्यावर ती सुमारे 49 दिवसांवर गेली. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 दिवस. म्हणजे विद्यार्थ्यांनी कल्पिलेला वाईटात वाईट अंदाजसुद्धा वास्तवापेक्षा बरा होता. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच या अंदाजचुकीला नाव देऊन ठेवलं होतं. ब्यूलर आणि सहकाऱ्यांना दिसलेली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मागच्या वेळी काय झालं होतं ते विद्यार्थ्यांना आठवत असतं, पण अंदाज बांधताना ते त्याचा हिशेब धरत नाहीत. मागचा उशीर अपघात होता आणि या वेळचा बेत पक्का आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर दरड गेल्या वर्षी पडली होती, म्हणून यंदा गाडी वेळेवर येणार!

पीएच.डी.ला मी पुण्यात आले. विषय होता पेशवाईतल्या पुण्याच्या पेठांमधली करवसुली. म्हणजे पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, मोडी वाचायचं, टिपणं काढायची आणि रुमाल पुन्हा बांधायचा. संशोधनाचा आराखडा मंजुरीला देताना प्रकरणवार महिने लिहून द्यावे लागतात. तो तक्ता सगळेच भरतात आणि नोंदणीचं पत्र हाती आलं की विसरतात. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लावला आणि पुढच्या पानांवर रकाने आखले.

मोडीचा कागद किती वेळात वाचून होतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. तारीख सुहूर सनात आणि चांद्रमासात, ती जंत्रीवरून जुळवून घ्यायची. त्या दिवसांत आमच्या वसतिगृहात ‘पोमोडोरो’चं खूळ आलं होतं. इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास सुरू केला : 25 मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. आपल्याकडची घटिका 24 मिनिटांची. लग्नात घंगाळात सोडलेलं भोकाचं तांब्याचं पात्र बुडायला लागतो तेवढा वेळ. मोजणी जवळजवळ एकच, म्हणून मला तिचं कौतुक वाटलं आणि मी ती करून पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात ओळीने एकच कारण येऊ लागलं : ‘हात ओळखण्यात वेळ’. नव्या कारकुनाच्या अक्षराला डोळा सरावतो तोवर पहिली घटिका सरलेली असते. खरं वाचन दुसऱ्या घटिकेत सुरू होतं आणि तेव्हाच घंटा वाजून उठायचं! टिपणं टंकताना, संदर्भसूची लावताना तीच पद्धत छान चालली. घड्याळ तेच असलं तरी प्रत्येक कामाचा घाट वेगळा असतो, आणि तो चढून पाहिल्याशिवाय त्याची लांबी कळत नाही.

त्याच दफ्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. ते 1930 ते 1934 एवढ्या थोड्या काळात बाहेर पडले. त्याच पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते 1966 मध्ये पूर्ण झालं. 1925 पासून मुख्य संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर 1943 मध्येच गेले. पहिलं काम वेळेचं आणि दुसरं ढिसाळ, असं कोणी म्हणणार नाही. एकात सरकारने मर्यादा घालून दिली होती आणि निवड करून छापायचं होतं. दुसऱ्यात देशभरातल्या हस्तलिखितांतला श्लोक न् श्लोक ताडून पाहायचा होता. पीएच.डी. करणाऱ्याची पंचाईत अशी की त्याच्या मनात काम सुकथनकरांचं असतं आणि मुदत सरदेसायांची. मुदत तर नियमानेच ठरलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. माझ्या वहीतल्या वाचनाच्या वेगाने सगळ्या पेठा माझ्या वेळच्या मुदतीत बसत नव्हत्या. वही घेऊन मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी रकाने पाहिले आणि विषयातल्या पेठा कमी केल्या. तक्ता नुसता रेटत राहिले असते, तर हा निर्णय चौथ्या वर्षी रडत घ्यावा लागला असता.

अशा नोंदी ठेवणारा सर्वांत चिकाटीचा माणूस रशियात होऊन गेला. अलेक्सांद्र ल्युबिश्चेव हे कीटकशास्त्रज्ञ. 1916 पासून 1972 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपल्या वेळेचा रोजचा हिशेब लिहिला : कीटक ओळखण्यात किती, पत्रांत किती, वाचनात किती. दानिल ग्रानिन यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर ठाऊक झाले. त्यांच्या चाहत्यांना त्यातली शिस्त भुरळ घालते. मला त्यातला निवांतपणा आवडतो. ज्याला आपला वेग माहीत आहे, तो जे जमणार नाही त्याला आधीच नाही म्हणू शकतो.

पदवीनंतर काही वर्षं मी एका खाजगी कंपनीत मजकूर-संपादनाचं काम केलं. तिथे तीन रकान्यांची वही संगणकावर होती, तिला टाइमशीट म्हणत. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळा मजला ती एकदम भरायला बसे, आणि प्रत्येकाचे रोजचे बरोबर आठ तास भरत. चहा नाही, लिफ्टची रांग नाही, सर्व्हर बंद पडलेला नाही, बैठकीत वाया गेलेली दुपार नाही. प्रत्यक्षाच्या रकान्यात ठरलेलीच वेळ पुन्हा लिहिली जाई, कारण उशिराचा जाब माणसाला विचारला जाई आणि शेरा कोणी वाचत नसे. फ्रेडरिक टेलरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यात स्टॉपवॉच नेलं, तेव्हापासून कामगाराला एक गोष्ट कळून चुकली आहे : मोजणारा तुमच्या बाजूचा नसेल, तर खरा आकडा सांगू नये.

त्या मजल्यावरचा खरा शेरा लिहिला असता, तर तो ‘मध्येच उठवलं’ असा झाला असता. एका कामातून दुसऱ्यात जाताना मनाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं, असं सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं. आमच्याकडे दर अर्ध्या तासाला कोणाचं तरी ‘दोन मिनिटं’ येई. शेवटी आमच्या गटातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सुचवलं, सकाळी अकरापर्यंत कोणी कोणाला हाक मारायची नाही. एकटीने पाळायचा नियम असता तर तो दोन दिवस टिकला असता आणि ती शिष्ट ठरली असती. सगळ्यांनी मिळून केला म्हणून टिकला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली, तीही याच वाटेने. आठवड्यात एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सल्ला प्रत्येक कामगाराला देऊन काय झालं असतं? गिरणीचा भोंगा सगळ्यांसाठी एकदमच बंद व्हावा लागतो.

आता मी शिकवते आणि मार्गदर्शकही आहे. नव्या विद्यार्थ्याला मी अॅप सांगत नाही, तीन रकाने आखायला सांगते. सुरुवातीला शेऱ्यात स्वतःलाच दिलेल्या शिव्या येतात : ‘आळस’, ‘मोबाईल’, ‘मूड नव्हता’. मी ते खोडायला लावते, कारण ती कारणं नव्हेत, ते गुन्ह्याचे कबुलीजबाब आहेत. आळस नेमका कशाचा? मग खरी उत्तरं निघू लागतात. प्रकरणाची सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मसुदा पाठवून महिना झाला, उत्तर नाही. कॉलेजात परीक्षेची कामं लागली. सासरी पाहुणे आहेत. मुलाला ताप आहे. आयोगाच्या नियमांत स्त्री-संशोधकांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे, हे पुष्कळ मुलींना असाच एखादा शेरा वाचून दाखवताना प्रथम कळतं.

यातली निम्मी कारणं विद्यार्थ्याच्या हातात नसतात, कोणा दुसऱ्याच्या हातात असतात. म्हणून मसुदा माझ्याकडे येतो, तेव्हाच परत द्यायची तारीख मी त्यावर घालते. विभागाच्या बैठका आम्ही एकाच दुपारी ओळीने घेतो, म्हणजे बाकीचे दिवस अखंड राहतात. यात मोठं शास्त्र काही नाही. शेऱ्याच्या रकान्यात जे वारंवार येतं, ते ज्याच्या अखत्यारीत असेल त्याने हलवायचं, एवढंच.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. अलीकडे माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे नेहमीचा रंगीत पट्ट्यांचा तक्ता दाखवला नाही. वहीची पानंच पडद्यावर लावली आणि प्रबंध देण्याच्या दोन तारखा सांगितल्या : एक मनातली, दुसरी नोंदींवरून काढलेली. दुसरी बरीच पुढची होती. एक सदस्य जरा चिडूनच म्हणाले, “एवढा वेळ कशाला?” तिने उत्तर दिलं नाही, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ओळीने लिहिलेलं होतं : ‘जिल्हा दफ्तरात कागद पाहण्याची परवानगी प्रलंबित’. त्याच सदस्यांनी विचारलं, परवानगीला कोणाचं पत्र लागतं? ते समितीच्या अध्यक्षांचंच लागत होतं. बैठक संपायच्या आत त्यावर सही झाली, आणि इतिवृत्तात तिची दुसरी तारीख मंजूर झाली.