यॉर्कचा लोकरी मोजा

इंग्लंडमधल्या यॉर्कला गेलात, तर नुसतं कॅथेड्रल नि तटबंदी पाहून परतू नका हं! नॉर्स गाथा सांगतात, इथल्या एला राजानं व्हायकिंग रॅग्नरला सापांच्या खड्ड्यात टाकलं, नि ईवार व त्याच्या भावांनी बापाचा सूड घेतला. रॅग्नर खरंच होऊन गेला का, याची इतिहासकारांना शंकाच आहे. पण ८६६ साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, ८६७ मध्ये एला लढाईत पडला, हे खरं. हाफदान हा व्हायकिंग तर इतिहासात भेटतो. ८७६ मध्ये त्यानं सैनिकांना जमिनी वाटल्या नि तलवारवाले चक्क नांगर धरू लागले! पुढच्या शतकातला त्यांच्या वस्तीचा संसार कॉपरगेटच्या उत्खननात सापडला: कातडी जोडे, कंगवे नि एका सुईनं विणलेला लोकरी मोजा. तो विणणारे हात मात्र कुठल्याच गाथेत नाहीत.