बॉल सोडत नाही म्हणजे काय?

2020-21 च्या मोसमात युटा जॅझच्या जॉर्डन क्लार्कसनची सरासरी होती 18.4 गुण आणि जेमतेम 2.5 असिस्ट. एवढ्यावर माझा रूममेट निकाल देऊन मोकळा: हा पठ्ठ्या बॉल सोडत नाही. पण क्लार्कसन बाकावरून उठून यायचा. डोनोवन मिचेल दम खायला बसला की 24 सेकंदांच्या आत शॉट कुणी घ्यायचा, याचं ठरलेलं उत्तर तो होता. त्या वर्षीचा ‘सिक्स्थ मॅन ऑफ द इयर’ही तोच. (सर्व्हर पडल्यावर एकटा कीबोर्ड धरून बसणाऱ्यालाही ऑफिसात स्वार्थीच म्हणतात.)

मी असिस्ट मोजत नाही. दोन डिफेंडर अंगावर आलेत, कोपऱ्यातला गडी मोकळा आहे, घड्याळात अजून दहा सेकंद आहेत. तेव्हा तो काय करतो? क्लार्कसन कधीकधी तेव्हाही शॉटच मारतो. मग माझी चिडचिड होते, बॉल आत गेला तरी.