अठरा वॅटचा संसार

आमच्या घरातला कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो. तो गेमसाठी नाही, सिनेमासाठीही नाही. मोहल्ल्याच्या मशिदीतली निकाहाची जुनी रजिस्टरं जमातीने माझ्याकडे सोपवली आहेत. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई उडत चाललेली. रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पानं स्कॅन करतो आणि रात्रभर त्या प्रती पुण्याला भावाच्या कॉम्प्युटरवर चढत राहतात, कारण हिंगणघाटात आमच्या गल्लीत इंटरनेटला रात्रीच जरा वेग येतो. हे काम कशासाठी, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शेक. एकीकडे बी आहे, दुसरीकडे नाही. मागच्या वर्षी एक म्हातारी खाला पेन्शनच्या कामासाठी आपल्या निकाहाचं पान शोधत आली होती. पान मिळालं, पण नवऱ्याच्या नावाची अर्धी ओळ वाळवीच्या पोटात गेली होती.

तर कॉम्प्युटर रात्रभर चालणार, हे ठरलेलं. आणि तो ज्या खोलीत आहे तिथेच अम्मी झोपते. दुसरी खोली नाही. आजारपणानंतर तिची झोप इतकी हलकी झाली आहे की शेजारच्या घरात भांडं पडलं तरी ती उठून बसते. वैशाखात प्रश्न नसतो. कूलरच्या घरघरीपुढे कॉम्प्युटर काय बोलणार? पण दिवाळीनंतर कूलर बंद झाला की रात्री एकच आवाज उरतो, आणि तो प्रोसेसरचा नसून पॉवर सप्लायच्या पंख्याचा असतो. आमच्याकडे एसएमपीएस म्हणतात तो पत्र्याचा डबा. हिंगणघाट कापसाचं गाव. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत तंतू उडतात आणि ते सगळ्यात आधी या डब्यात जाऊन बसतात. मी उघडला तेव्हा आत पिंजलेल्या कापसाची छोटी गादीच होती.

नवा डबा घ्यायचा म्हणून आधी प्लगमध्ये लावायचं वीज मोजणारं छोटं मीटर आणलं. कुणालाही माझा पहिला सल्ला हाच आहे, की विकत घेण्याआधी मोजा. स्कॅनिंग नसताना, नुसतं फायली पाठवत असताना भिंतीतून ३४ वॅट ओढले जात होते. पूर्ण ताण दिला तर साठाच्या आसपास. आणि डब्यावर लिहिलेलं होतं ४५० वॅट.

इथेच खरी गोम आहे. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात कुठल्याही दुकानात जा, पहिला प्रश्न येतो, ‘कितने वॅट का चाहिये?’ आणि आपल्याला वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. पॉवर सप्लाय म्हणजे मालवाहू ट्रक समजा. दहा टन वाहायला बनवलेला ट्रक एक पोतं घेऊन निघाला तरी स्वतःला हलवण्यापुरतं डिझेल जाळणारच. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसीत बदलताना काही वाया जाते आणि तिची उष्णता होते. ती उष्णता बाहेर काढायला पंखा लागतो. म्हणजे आवाजाचं मूळ पंख्यात नाही, वाया जाणाऱ्या विजेत आहे.

दुकानदार मग ८० प्लसचं स्टिकर दाखवतो. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. हे प्रमाणपत्र २००४ पासून आहे आणि ते खोटं नाही. पण ते काय मोजतं ते पाहा. साध्या पायऱ्यांवर चाचणी होते क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर. ४५० वॅटच्या सप्लायचे २० टक्के म्हणजे ९० वॅट. माझा कॉम्प्युटर पूर्ण ताणातही तिथे पोहोचत नाही. तो रात्रभर बसलेला असतो चार टक्क्यांवर, आणि चार टक्क्यांवर काय होतं याबद्दल गोल्डचं स्टिकर गप्प आहे. फक्त टायटॅनियम या वरच्या पायरीला १० टक्के भाराचीही अट आहे, आणि तसे सप्लाय महाग असतात, शिवाय सहसा मोठ्या वॅटचेच मिळतात. ज्याला छोटं हवं त्याने मोठं घ्यावं, असा हा बाजार.

मला राहून राहून १९२९ सालची ती चरखा स्पर्धा आठवते. गांधीजी सेवाग्रामला आले १९३६ मध्ये, स्पर्धा त्याआधीची. चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं आणि अटी होत्या वापरणाऱ्याच्या बाजूने: किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, बाईला फार न दमता सलग आठ तास चालवता आला पाहिजे, वीस वर्षं टिकला पाहिजे. यंत्र किती मोठं, हे त्यात कुठेच नव्हतं. ज्या घरात ते चालणार त्या घराचा विचार होता. सीताबर्डीत असं कुणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारायचं.

माझ्यापुढे शेवटी दोन रस्ते उरले. एक, ऑफिसांतून निघालेला पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर, थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रोसारखा. त्यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बिनधास्त हाच घ्यावा. पण त्यात मोठी हार्डडिस्क बसत नाही आणि माझ्या प्रती तिच्यावरच आहेत. म्हणून दुसरा रस्ता: पत्र्याचा डबा काढून टाकायचा आणि त्याच्या जागी बोटभर लांबीचं पिको जातीचं सर्किट थेट मदरबोर्डच्या सॉकेटात खोचायचं. त्याला बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर. पंखा नाहीच, त्यामुळे कापूस ओढायला कुणी नाही.

अडॅप्टर निवडताना लेबलवर गोलात किंवा नुसता छापलेला रोमन आकडा पाहावा. सहा असेल तर ४९ ते २५० वॅटच्या अडॅप्टरची सरासरी कार्यक्षमता किमान ८८ टक्के लागते आणि काहीही न जोडता नुसता प्लगला असेल तर तो ०.२१ वॅटपेक्षा जास्त खाऊ शकत नाही. ही सरासरी २५ टक्के भारापासून मोजतात. मी ८ अँपिअरचा, म्हणजे ९६ वॅटचा घेतला. याहून लहान का नाही? कारण मोठी हार्डडिस्क सुरू होताना काही क्षण एकटीच वीस-पंचवीस वॅट मागते, आणि नेमका तेव्हाच प्रोसेसरही जागा होत असतो. अडॅप्टर तिथे कमी पडला तर मशीन सुरूच होत नाही.

माझ्या भाच्याने विचारलं, ‘मामू, इन्व्हर्टरची बॅटरीपण १२ व्होल्टचीच आहे ना, थेट जोडू या की!’ प्रश्न हुशारीचा आहे. बॅटरीतून २३० व्होल्ट बनवायचे आणि परत त्याचे १२ करायचे, दोन्हीकडे गळती. पण बॅटरी नावालाच १२ व्होल्टची. चार्ज होताना ती १४ च्या वर जाते आणि उतरताना ११ च्या खाली. साधं पिको सर्किट आलेले १२ व्होल्ट जसेच्या तसे हार्डडिस्ककडे पाठवतं. थेट जोडायचं तर ६ ते ३० व्होल्ट झेपणारं वेगळं सर्किट लागतं. ते मी अजून घेतलेलं नाही.

आता मीटर २२ वॅट दाखवतं. आतल्या यंत्राला लागतात साधारण अठरा. बारा वॅटची बचत. वर्षभर अखंड चालणाऱ्या प्रत्येक वॅटचे पावणेनऊ युनिट धरले तर एकशे पाच युनिट. युनिटमागे दहा रुपये पकडा, हजार रुपये होतात. सगळ्या सामानाला साडेचार हजारांच्या आत लागले, म्हणजे वसूल व्हायला चार वर्षं. पैशासाठी हे करू नका. ज्यांचा कॉम्प्युटर दिवसातून तीन तास चालतो त्यांचे वर्षाला सव्वाशे रुपये वाचतील. त्यांनी जुना पंखा साफ करावा आणि गप्प बसावं. अम्मीला मात्र हे हिशेब पटतात. वाहत्या नळापाशी वुझू करताना हात आखडता घेणारी ती बाई, तिला ‘इस्राफ’ हा शब्द सांगावा लागत नाही. पहिल्या रात्री तिने मला उठवून विचारलं, ‘मशीन बंद पडली का रे?’

उन्हाळ्याची काळजी उरतेच. अशा बऱ्याच अडॅप्टरांची हमी ४० अंशांपर्यंत असते आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून तो पलंगाखाली, चादरीखाली ठेवत नाही. कडप्प्याच्या फळीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवला आहे. दुपारी हात लावून पाहतो.

एकच अडॅप्टर असणं बरं नाही म्हणून दुसरा शोधतोय. १२ व्होल्टचे सीसीटीव्हीच्या दुकानातही मिळतात, हा त्याचा फायदा. परवा बसस्टँडजवळ एक पाहिला, स्वस्त होता, लेबलवर १० अँपिअर. उलटून पाहिला तर रोमन आकडा कुठेच नव्हता, आणि हातात घेतला तर माझ्या ८ अँपिअरवाल्याच्या निम्म्या वजनाचा. परत ठेवला.