मुळाभोवतीच्या मातीसकट

वसईच्या भुईगावात सुरूच्या बनाकडून वाड्यांकडे चालत आलं, की प्रत्येक विहिरीबद्दल एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: मे महिन्यात पाणी गोडं राहतं की मचूळ होतं? पानवेल, केळी, फुलझाडं, भाजीचे वाफे, सगळं त्यावर अवलंबून. किनाऱ्याखाली गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा कशी सरकते, याचं सिम्युलेशन करणं हे माझं काम. ते मी लिनक्स कंटेनरमध्ये करतो, आणि त्यामागचं कारण या वाड्यांशीच जोडलेलं आहे.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगत राहतं. गायबेन आणि हर्झबर्ग यांच्या जुन्या सूत्राप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी तग धरतं. म्हणजे वरची पातळी अर्धा मीटर उतरली, की खालची सीमा २० मीटर वर चढू पाहते. हे झालं स्थिर, एकसारख्या जमिनीचं गणित. वसईच्या पट्ट्यात वाळूखाली काळा पाषाण आहे, त्यात भेगा आहेत, वर उपसा आहे आणि पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवणारी बावखलं आहेत. टँकरसाठी होणाऱ्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा लोकांना विहिरींवरून जे कळत होतं, तेच आम्ही समीकरणांतून पाहतो. माझ्या मॉडेलच्या जाळीत एक बावखल म्हणजे जेमतेम चार-सहा चौकोन. ते बुजवलं तर शेजारच्या विहिरीचं काय होईल, हा प्रश्न मात्र एका कुटुंबाच्या पोटाचा असतो.

यासाठी मी वापरतो ती सॉफ्टवेअर जुनी आणि सच्ची आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मॉडफ्लो १९८४ मध्ये आलं. त्याला क्षारांच्या वहनाची आणि पाण्याच्या घनतेची जोड देऊन पुढे सीवॉट तयार झालं. दोन्ही फोरट्रानमधली, दोन्हींचा कोड खुला. अडचण त्यांच्या भोवतालची असते. एका कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम बायनरी फाइलमध्ये प्रत्येक नोंदीच्या मागेपुढे लांबीचे बाइट लिहितो, दुसरा लिहीत नाही; मग एकाने लिहिलेल्या भूजलपातळ्या दुसऱ्याला वाचता येत नाहीत. कंपायलरने बेरजांचा क्रम बदलला की शेवटच्या दशांशात फरक पडतो. एरवी तो नगण्य. पण क्षारांची सीमा तीव्र असते, समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर कसाबसा उत्तराशी पोचत असतो, तेव्हा हाच फरक एखादा रन पार पाडतो आणि एखादा अर्ध्यावर अडकवतो.

वाडीत रोप हलवताना मुळाभोवतीची माती सुटू देत नाहीत, ते आपल्या मातीसकट नव्या जागी जातं. कंटेनर नेमकं हेच करतो: प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी, त्याची सगळी फाइलव्यवस्था एकत्र उचलतो. खालची जमीन मात्र यजमान मशीनचीच, कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सामाईक असतो. आतल्या प्रोग्रॅमला काय दिसावं, ते नेमस्पेस ठरवतात. प्रोसेसर आणि मेमरी किती मिळावी, ते सीग्रुप ठरवतात. सीग्रुप २००८ मध्ये कर्नलमध्ये आले, २०१३ मध्ये डॉकरने हे सगळं सोपं केलं. पण शेकडो संशोधकांच्या सामाईक संगणक-क्लस्टरवर डॉकरसारखी रूटच्या अधिकाराने चालणारी सेवा कोणताही प्रशासक सहज उघडून देणार नाही. म्हणून ग्रेगरी कुर्ट्झर यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी लिहिलं. लिनक्स फाउंडेशनकडे गेल्यावर, २०२१ मध्ये, त्याचं नाव ॲपटेनर झालं. त्यात कंटेनरची पूर्ण इमेज, म्हणजे उचललेला सगळा ऐवज, ही एकच फाइल असते आणि ती चालवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अधिकारापलीकडे काहीही मिळत नाही.

विहिरींच्या मोजलेल्या पातळ्यांशी मॉडेल जुळवायचं, तर झिरप्याचे आणि साठ्याचे गुणांक बदलत शेकडो रन द्यावे लागतात. इथे शिस्त लागते. इमेज फक्त वाचण्यापुरती, प्रत्येक रनला स्वतंत्र फोल्डर, आणि विहिरींची आकडेवारी इमेजच्या बाहेर, कारण ती दर हंगामात वाढते. पायाभूत इमेज ‘लेटेस्ट’ या नावाने मी कधीच घेत नाही, तिच्या आशयावरून ठरणाऱ्या शा-२५६ ठशाने घेतो. इमेज कशी बांधायची ते सांगणारी कृतीची फाइल आणि तयार इमेज, दोन्ही जपतो. पॅकेजची भांडारं बदलत राहतात, त्यामुळे काही वर्षांनी तीच कृती वेगळी इमेज देऊ शकते. प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरच्या खास सूचनांसाठी बांधत नाही, नाहीतर जुन्या मशीनवर तो मध्येच बंद पडू शकतो. आणि प्रत्येक नव्या इमेजवर आधी हेन्रीचं उदाहरण चालवतो: एका आयताकृती थरात एकीकडून गोडं पाणी, दुसरीकडून समुद्र. त्याचं अपेक्षित उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ते जुळल्याशिवाय भुईगावच्या जाळीला मी त्या इमेजचा हात लागू देत नाही.

एवढं करूनही कंटेनर उत्तराच्या खरेपणाची हमी देत नाही. बावखलाची खोली चुकीची धरली असेल, तर ती चूक तो दर वेळी तितक्याच प्रामाणिकपणे पुन्हा करून दाखवेल. माझ्या दृष्टीने हेच त्याचं मोल. विहिरीच्या पाण्याबद्दलचं भाकीत लोकांच्या जमिनीच्या किमतीवर, पिकांवर, बांधकामाच्या परवानगीवर परिणाम करू शकतं. ते तपासण्याचा हक्क गावातल्या शिकलेल्या मुलीला, महापालिकेच्या अभियंत्याला आणि माझ्याशी असहमत असलेल्या तज्ज्ञाला सारखाच असायला हवा. मी त्यांना इमेज देतो, कृती देतो, आकडेवारी देतो आणि गृहीतकांची यादी साध्या मराठीत देतो. पुढे कोणी माझं उत्तर खोडून काढलं, तर ते बावखलाच्या खोलीवरून, उपशाच्या अंदाजावरून, पाषाणातल्या भेगांवरून खोडलं जावं. लायब्ररीच्या आवृत्तीवरून वाद घालण्यात कोणाचाही वेळ जाऊ नये. वाद पाण्याचा आहे, तो पाण्यावरच व्हावा.