कौलं परतायच्या आधी

बदलापूर गावातलं ते घर आम्ही घ्यायचं ठरवलं, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी एकच विचारलं, "पाडून किती मजले निघतील?" त्यांचं चुकलं नव्हतं. 2001 च्या जनगणनेत बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. इथे भाव आहे तो जमिनीला. वरच्या सागवानाला कोणी मोजत नाही. कर्जाच्या कागदावरही बांधकामाच्या किमतीपुढे जवळजवळ शून्य होतं.

घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, असं विकणारे सांगत. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतलं. कल्याणहून खोपोलीला आगगाडी गेली 1856 मध्ये. तिच्या पुढच्या एकदोन पिढ्यांतलं हे बांधकाम असावं. ओटी, पडवी, माजघर, परस ही मांडणी आपली जुनीच. छपरावर मात्र कुंभाराच्या नळीच्या कौलांऐवजी मंगलोरी कौलं. बाझेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कारखाना काढला, त्यानंतर ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं कोकणभर पसरली. जोतं काळ्या दगडाचं. शेजारच्या अंबरनाथला 1060 सालचं शिवमंदिर याच जातीच्या दगडात उभं आहे.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं होती आणि शेवटचं हक्कसोडपत्र हाती यायला चौदा महिने लागले.

सांगायचं आहे ते भिंतीबद्दल. माजघराची भिंत कमरेपर्यंत ओली होती, पांढरा खार फुटून पोपडे पडत होते. मला वाटलं, वय झालं. कल्याणहून एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवत घर फिरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, भिंत चांगली आहे. वरचं सिमेंट काढा."

मधल्या काळात कोणीतरी चांगल्या हेतूने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. जुन्या भिंती जमिनीतली ओल शोषतात आणि चुन्यातून ती हवेत सोडून देतात. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल वर वर चढत गेली, भिंतीत बसवलेल्या तुळयांची टोकं कुजली, तिथे वाळवी लागली. घर वयाने नव्हे, दुरुस्तीने आजारी पडलं होतं.

सिमेंट खरवडायला तीन आठवडे गेले. मग परसात खड्डा करून कळीचा चुना विरवला, मुरू दिला. त्यात वाळू, सुरखी, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतूनच हळूहळू घट्ट होतो, तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. सकाळ-संध्याकाळ मी भिंतीवर पाणी शिंपडत होते. परसाकडची एक तुळई वाचली नाही, तिथे लोखंडी गर्डर घातला. त्याचं मला वाईट वाटत नाही. घर उभं राहणं महत्त्वाचं.

मे 2021 मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. त्या इमारती पंचविशीच्या आसपासच्या होत्या. तेव्हापासून 'जुनं म्हणजे धोकादायक' हे वाक्य मला सरसकट मान्य होत नाही. काय वापरून बांधलं आणि मागून कोणी लक्ष दिलं, एवढंच मी विचारते.

लक्ष देणं हे पूर्वी घराच्या बांधणीतच धरलेलं असे. दर वर्षी पावसाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पन्हळीतला पाचोळा साफ करायचा. लग्नसराईसारखंच ते मे महिन्याचं काम होतं. कौलं परतणारी माणसं आणि ही सवय दोन्ही सुटली, मग घरं गळू लागली, आणि गळतात म्हणून पाडली गेली. आमच्या आळीतच गेल्या पाच वर्षांत तीन गेली.

तुमचं असं घर असेल तर विकण्याआधी एकदा चुना जाणणाऱ्या गवंड्याला भिंत वाजवून पाहू द्या. आमच्याकडे यंदा कौलं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परतायची आहेत. पाहायचं असेल तर त्या दिवसांत सकाळी या, ऊन चढायच्या आत.