बार न काढण्याची विद्या

माणसाला युद्ध सुटले नाही, आणि युद्धाची खेळणीही सुटली नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये काही हौशी मंडळींनी एक अजब खेळ सुरू केला. खऱ्या युद्धनौकांच्या १:१४४ प्रमाणातल्या प्रतिकृती तळ्यात सोडायच्या, काठावरून रेडिओने चालवायच्या आणि एकमेकींना खरोखर बुडवायचे! जर्मनांची ‘बिस्मार्क’ २५१ मीटर लांब होती. इथे ती पावणेदोन मीटरांची होते. तिची कूस मिलिमीटरभरही जाड नसलेल्या बाल्सा लाकडाची. तोफ म्हणजे एक नळी. तिच्यात साडेचार मिलिमीटरांचे छर्रे आणि मागे कार्बन डायऑक्साइडचा दाब. छर्रा कुशीत घुसतो, भोकातून पाणी शिरते, पंप ते उपसत राहतो. आणि उपसा कमी पडला की महिनोन्‌महिने खपून बांधलेली नौका तळ गाठते. मग तिला वर काढायचे, भोके बुजवायची आणि पुन्हा पाण्यात उतरवायचे.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला? पण मला मोह पडला तो तोफेचा नव्हे, ती उडवणाऱ्या यंत्रणेचा.

पूर्वी काठावर कळ दाबली की नौकेतली सर्व्हो मोटर दांडी ढकलायची आणि दांडी वायूची झडप उघडायची. यात सेकंदाचे एक-दोन दशांश जात. तेवढ्यात नौका दुसरीकडे वळलेली असे. आता कित्येक जण विजेवर चालणारी झडप बसवतात आणि तिच्यावर नखाएवढ्या संगणकाचा पहारा ठेवतात. रेडिओकडून त्याला दर सेकंदाला पन्नासेक स्पंद मिळतात. दीड सहस्रांश सेकंदाचा स्पंद म्हणजे ‘स्वस्थ बैस’. दोन सहस्रांशाचा आला की ‘उडव’. मग झडप क्षणभर उघडायची आणि मिटायची. काम एवढेच.

खरी हुशारी लागते ती याच्या पुढे. मोटरींच्या ठिणग्यांमुळे एखादा खोटा स्पंदही उमटतो; म्हणून एकट्यादुकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, लागोपाठ तीन सारखे आले तरच आज्ञा मानायची. संपर्क तुटला तर झडप मिटलेलीच ठेवायची. बॅटरी जोडताक्षणी तर बार मुळीच निघता कामा नये. त्या वेळी तोफेसमोर कुणाचा तरी हात असतो. खेळाडू डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवतात, ते उगाच नाही. सारांश, या यंत्रणेतली बहुतेक अक्कल बार काढण्यासाठी नसते, न काढण्यासाठी असते!

खऱ्या आरमाराचा अनुभव तरी काय वेगळा आहे? १९१२ मध्ये पर्सी स्कॉट यांच्या पद्धतीची चाचणी ब्रिटिशांच्या ‘थंडरर’ नौकेवर झाली. उंच डोलकाठीवर बसलेला एकच माणूस नेम धरून विजेच्या कळीने साऱ्या तोफा एकदम उडवत होता. ‘ओरायन’वर प्रत्येक तोफेचा गोलंदाज आपापला नेम धरत होता, ती फार मागे पडली. डोलणारी नौका योग्य कलावर येईपर्यंत त्या एका माणसाने बोट आवरायचे असे.

हे सारे वाचताना मला आमचे घर आठवत राहिले. माझे वडील आणि थोरले काका एका वाक्यापायी नऊ वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. ते वाक्य माझ्यादेखत उच्चारले गेले. ते फार मोठे नव्हते. साडेचार मिलिमीटरांचेच होते. तळ्यातल्या नौकेची भोके संध्याकाळपर्यंत बुजवता येतात. आमच्या घराला तेवढ्यासाठी नऊ वर्षे लागली.

तीन स्पंदांची वाट पाहायला सेकंदाचा सोळावा हिस्सा पुरतो. नखाएवढ्या यंत्राला तेवढा धीर शिकवता येतो. आपल्याला तो कोणत्या वर्गात शिकवतात?